पाच भेंड्यांचं काय करायचं?

मुलांनो, परीक्षा संपली, निकाल लागला, दप्तर खुंटीवर चढलं. तुमच्यापैकी काही जणांनी होळीनंतर, गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडीत, तेलाच्या डब्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत नाहीतर परसात चार बिया टोचल्या असतील. कुणी शाळेचा प्रकल्प म्हणून, कुणी आजोबांच्या नादानं, कुणी नुसती गंमत म्हणून. आणि आता मे महिन्यात एके दिवशी सकाळी पाहता तर काय, पानाआडून एक भेंडी डोकावते आहे! दोन दिवसांनी आणखी दोन. सगळ्या झाडांवरच्या मोजल्या तर पाच.

पाच भेंड्या आणि घरात माणसं सहा! आई म्हणते, "एवढ्याशा भेंड्यांचं मी काय करू? राहू दे झाडावर. मोठ्या झाल्या की सगळ्या एकदम काढू."

थांबा. हा सगळा लेख मी या एका वाक्यासाठी लिहायला घेतला आहे. नवशिक्यांच्या बागा उन्हानं करपतात हे खरं, पण "राहू दे झाडावर" या तीन शब्दांनीही त्यांचं काही कमी नुकसान होत नाही. का, ते सांगते.

भेंडीचं झाड तुमच्या भाजीसाठी भेंडी धरत नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याला हवं असतं बी. भेंडीचं फूल तुम्ही नीट पाहिलं आहे का? नसेल तर उद्या सकाळी पाहा. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्यभागी गडद तांबडा-जांभळा ठिपका. जास्वंदीची आठवण होते की नाही? होणारच. भेंडी, जास्वंद, अंबाडी आणि कापूस ही एकाच कुळातली भावंडं. हे फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटून जातं. एकाच दिवसाचं आयुष्य. फूल गळलं की त्याच्या जागी बोटाच्या पेराएवढी हिरवी शेंग दिसते, आणि पाच-सहा दिवसांत ती तोडण्याजोगी होते. उन्हाळ्यात तर कधी कधी आदल्या दिवशी लहान वाटलेली भेंडी दुसऱ्या दिवशी तयार असते.

ही शेंग तोडली नाही तर? ती वाढत राहते. आतलं बी टणक होऊ लागतं, सालीत धागे धरतात, भेंडी जून होते. मग ती सुरीनं कापताना कुरकुरते आणि चावताना दाताखाली दोरा येतो. पण खरं नुकसान ताटात होत नाही, ते झाडावर होतं. बी पिकवायचं म्हणजे झाडाला पुष्कळ अन्न खर्चावं लागतं. पानांनी तयार केलेलं अन्न त्या जून शेंगेकडे ओढलं जातं. शेंड्याची वाढ मंदावते, नवी फुलं कमी येतात. झाडाच्या दृष्टीनं काम झालेलं असतं. बी तयार झालं, वंश पुढे चालला, आता घाई कशाला?

तुम्ही मात्र शेंग कोवळी असतानाच तोडलीत तर झाडाचं काम अपुरं राहतं. ते पुन्हा फूल काढतं, पुन्हा शेंग धरतं. तुम्ही पुन्हा तोडता, ते पुन्हा धरतं. आमच्या वर्गात मी याला रस्सीखेच म्हणते. झाडाला बी हवं, आपल्याला भाजी हवी, आणि दोर सोडायचा नाही. भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, काकडी, दोडका या सगळ्यांशी हीच रस्सीखेच चालते. म्हणून पाच भेंड्या तयार असतील तर पाचच तोडायच्या. दोन असतील तर दोन. एक दिवसाआड, न चुकता.

खोटं वाटत असेल तर करून बघा. सारख्या उंचीची दोन झाडं निवडा. एकाच्या भेंड्या एक दिवसाआड तोडा. दुसऱ्याच्या पहिल्या तीन-चार तशाच ठेवा. तीन आठवडे दोन्हींवर नवी फुलं किती आली ते वहीत मांडा. पाणी मात्र दोघांना सारखंच घाला बरं का, नाहीतर प्रयोग फसला.

आता आईचा प्रश्न. पाच भेंड्यांचं करायचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गणितात आहे. एक कोवळी भेंडी साधारण दहा ते पंधरा ग्रॅम भरते. म्हणजे पाव किलोला वीस-पंचवीस भेंड्या लागतात. कुंडीतलं एक झाड एका वेळेला एक, फार तर दोन भेंड्या देतं. दहा झाडं असतील तर एका तोडणीला दहा-बारा मिळतील, आणि दोन तोडण्या मिळून घराची एक भाजी होईल. तोडलेल्या भेंड्या न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवल्या की दोन-तीन दिवस छान राहतात. ओल्या ठेवल्या तर काळ्या पडतात. थोडक्यात काय, साठवण घरात करायची, झाडावर नाही.

आणि पाचच झाडं असतील तर? तर पाच भेंड्या वरणात जातील, ताकातल्या भेंडीत जातील, बटाट्यात मिसळतील. आपल्याकडे मिसळीच्या भाज्या काय कमी आहेत! मूठभर गवार बटाट्याबरोबर, दाण्याचं कूट घालून. अर्धी वाटी माठ असेल तर पीठ पेरून. दोडक्याची भाजी केली तर शिरा टाकायच्या नाहीत, त्यांची तीळ-खोबरं घालून चटणी होते आणि ती भाजीपेक्षा आधी संपते. माझं तर मत आहे की पहिल्या उन्हाळ्यात "आज बागेतली भाजी" असा बेत करूच नये. "आज भाजीत बागेतलं काहीतरी" एवढं म्हणावं. निराश व्हायला होत नाही.

पालकांनाही इथे एक विनंती. मुलानं तोडून आणलेली भेंडी, ती एकच का असेना, त्याच दिवशी कुणाच्या तरी ताटात पडू द्या. टोपलीत पडून सुकलेली पहिली भेंडी मूल विसरत नाही.

तोडायचं कसं, हेही शिकावं लागतं. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. रात्री पानांतून पाणी फारसं उडून जात नाही आणि मुळं पाणी ओढत राहतात, म्हणून सकाळी भाजी भरलेली, कडक असते. दुपारी तीच भाजी मलूल होते. भेंडी कोवळी आहे का ते पाहण्याची खूण तुम्हाला ठाऊकच असेल, भाजीवाल्याकडे आजी करते ती. टोक मोडून पाहायचं. टचकन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. पण ही परीक्षा बाजारातली. स्वतःच्या झाडावर टोकं मोडत बसू नका, तिथे बोटाएवढी लांबी झाली की तोडा. भेंडीच्या पानांवर आणि शेंगांवर बारीक लव असते, ती हाताला खाजते. जुने पायमोजे हातात चढवा. दिसतं विनोदी, पण काम करतं. शेंग ओढू नका, देठ कात्रीनं कापा.

गवारीच्या शेंगा घोसानं येतात आणि घोस खालून वर तयार होत जातो. म्हणून खालच्या आधी खुडायच्या, वरच्या दोन दिवसांनी. शेंगेवर बियांचे उंचवटे दिसू लागले की समजा उशीर झाला. वांगं तोडायची वेळ त्याची चकाकी सांगते. साल आरशासारखी चमकत असेल तर तयार, निस्तेज झाली की आत बी पक्कं होत आलं. वांग्याच्या देठाला काटे असतात, जपून. टोमॅटोच्या देठावर फळाच्या जरा वर एक गाठ दिसेल. अंगठा तिथे ठेवून फळ वर उचललं की ते अलगद सुटतं. टोमॅटो पूर्ण लाल होईपर्यंत झाडावर ठेवायची गरज नाही. जरा रंग फिरला की काढून घरात सावलीत ठेवा, तो पिकतो. कडक उन्हाळ्यात तर असं केलेलंच बरं, कारण फार तापमानात टोमॅटोला लाल रंग नीट धरत नाही, तो पिवळट-नारिंगीच राहतो. पक्षीही वाट पाहतच असतात.

माठाचं मात्र निराळंच. तो उपटायचा नाही, कापायचा. जमिनीपासून तीन-चार बोटं देठ ठेवून वरचा भाग कापला की पानांच्या बगलेतले कोंब फुटतात आणि पंधरा-वीस दिवसांत दुसरी कापणी मिळते. माठ ऊन सोसतो, नव्हे, उन्हातच तो जोरात वाढतो. बी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत पहिली भाजी हाती येते. तेव्हा ज्यांनी अजून काहीच पेरलं नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. आज एका पसरट टबात माठ पेरलात तरी शाळा उघडण्याच्या सुमारास तुमचीही तोडणी होईल. बी मोहरीपेक्षा बारीक असतं. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळा आणि ती वाळू पसरा, म्हणजे एकाच जागी गर्दी होणार नाही.

आता पाण्याचं बोलू. ते टाळून उन्हाळी बागेबद्दल लिहिणं मला तरी खोटं वाटतं.

मी लातूर जिल्ह्यात शिकवते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेगाडीनं पाणी आणावं लागलं होतं, हे तुमच्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. रेल्वेच्या टाक्यांमधून पिण्याचं पाणी! आमच्याकडच्या मुलांना पाण्याची किंमत पुस्तकातून शिकवावी लागत नाही. अशा ठिकाणी "मुलांनो, बाग लावा" असं म्हणताना जीभ अडखळते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीनं असाच हट्ट धरला. घरी नळाला चार दिवसांनी पाणी येतं, मे महिन्यात तर टँकरवर भिस्त. तिनं किराणा दुकानातून तेलाचे सहा रिकामे डबे मिळवले, तळाला भोकं पाडून घेतली आणि माती भरली. दोन डब्यांत गवार, दोनांत टोमॅटोची रोपं, एकात माठ, एकात भेंडी. आजीनं पाहिलं आणि कडाडली, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू डब्याला पानी घालतीस व्हय गं?"

आजीचं चुकलं का? मला नाही तसं वाटत. जिनं डोक्यावर हंडे वाहिले तिला हे म्हणायचा पूर्ण हक्क आहे. शेवटी घरात एक करार झाला. हंड्यातलं, माठातलं, टाकीतलं, म्हणजे ताजं पाणी तांब्याभरसुद्धा घ्यायचं नाही. जे एकदा वापरून झालं तेवढंच डब्यांचं. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, नुसत्या पाण्यानं हात धुतलेलं. सगळं एका बादलीत जमायचं. रोज बादलीची पातळी बघायची आणि त्यात किती डबे भागतात ते ठरवायचं. साबणाचं आणि भांड्यांच्या पावडरीचं पाणी मात्र तिनं कधी घातलं नाही, आणि तुम्हीही खायच्या भाजीला घालू नका. मिठाचंही नाही.

बादलीत पाणी थोडं, म्हणून ते टिकवणं आलं. तिनं डब्यातल्या मातीवर तुरीच्या भुसकटाचा चार बोटं जाड थर दिला. शहरात राहणाऱ्यांना वाळलेली पानं, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्या, काहीही चालेल. माती उघडी राहिली की ऊन तिच्यातलं पाणी थेट उडवून नेतं. झाकली की ओल टिकते, शिवाय हेच भुसकट कुजून खत होतं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'तून हीच गोष्ट आयुष्यभर सांगितली. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांतून गच्चीवरसुद्धा पीक घेता येतं, फक्त ते स्वतः प्रयोग करून बघा, असं त्यांचं म्हणणं असे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर लांबला. दाळ-तांदूळ धुवायचं पाणीही आजी मोजून घेऊ लागली. बादली निम्मीही भरेना. आता सहा डब्यांना थोडं थोडं दिलं तर सगळेच अर्धमेले होणार. कुणाला तरी सोडावं लागणार होतं. तिनं मला विचारलं, "बाई, कुणाला सोडू?"

तुम्ही काय केलं असतंत? टोमॅटोची रोपं सगळ्यांत देखणी होती. गुडघ्याएवढी, पिवळ्या फुलांनी भरलेली. पण फुलं येत होती आणि गळत होती. याचं कारण उष्णता. दिवसाचं तापमान पस्तीस अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही गार झाल्या नाहीत की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे होता. म्हणजे त्या दोन डब्यांना कितीही पाणी घातलं असतं तरी मेमध्ये टोमॅटो मिळणार नव्हते. गवार मात्र कोरडवाहू वृत्तीची. तिचं मूळ खोल जातं आणि ती कमी पाण्यावर तग धरते. शिवाय शेंगाधारी झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, म्हणून खताचाही फार हट्ट नाही. (गवारीच्या बियांपासून डिंकासारखी पूड काढतात आणि ती आइस्क्रीम घट्ट राहावं म्हणून वापरतात, हे तुम्हाला माहीत होतं का? गवार आवडत नाही म्हणणाऱ्यांनी विचार करावा!)

हे सगळं मी तिला सांगितलं, पण निवड तिलाच करायला लावली. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं टोमॅटोचं पाणी बंद केलं. रोपं वाळताना बघायला तिला फार जड गेलं, ते मी पाहिलं आहे. वाळलेली रोपं कापून तिनं गवारीच्या डब्यावर आच्छादन म्हणून पसरली. गवार, भेंडी आणि माठ तगले. पुढच्या पंधरवड्यात गवारीच्या शेंगा एक दिवसाआड मूठ-मूठ निघू लागल्या, आणि एके दिवशी सकाळी ती उठायच्या आत आजीनंच त्या खुडून ठेवल्या होत्या. "जून व्हत हुत्या," एवढंच म्हणाली म्हणे!

पाणी कधी घालायचं याची साधी खूण, बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं. ओल लागली तर आज नको. दुपारी काकडी-दोडक्याची पानं मान टाकतात, त्याला घाबरून पाणी ओतू नका. उन्हात पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढीपेक्षा जास्त असतो, म्हणून ती लवंडतात. संध्याकाळी परत ताठ झाली तर सगळं ठीक आहे. सकाळीही मलूल असतील तेव्हा मात्र पाणी हवं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर मामाच्या गावाला जाणार! मग बागेचं काय? शेजारच्या काकूंना सांगून जा, पण नुसतं "पाणी घाला" असं नका सांगू. "तोडून खा" असंही सांगा. बरेच शेजारी सज्जनपणे पाणी घालतात आणि दुसऱ्याची भाजी कशी तोडायची म्हणून हात लावत नाहीत. पंधरा दिवसांनी तुम्ही परत येता तो झाडावर जून शेंगांचे खुळखुळे लटकत असतात आणि फूल एकही नसतं. शेजाऱ्यांनी खाल्लेल्या भेंड्या तुमच्या बुडत नाहीत, उलट झाड तुमच्यासाठी चालू राहतं.

वेलभाज्यांची एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. "बाई, काकडीला फुलं खूप, पण काकडी एकही नाही!" वेलाला आधी नर फुलं येतात, मादी फुलं मागाहून. ओळखायला सोपी आहेत. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. मादी फुलं आली तरी मधमाश्या फिरकल्या नाहीत तर ती इवलीशी काकडी पिवळी पडून गळते. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मधमाश्या कमीच येतात. मग त्यांचं काम तुम्ही करा. सकाळी ताजं नर फूल खुडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवा. झालं. दोडका आणि दुधी यांची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथे सकाळी जाऊन उपयोग नाही. दुधीच्या पांढऱ्या फुलांवर रात्री पतंग येतात, जागरणाची परवानगी मिळाली तर जरूर बघा.

याच वेलांबद्दल एक धोक्याची सूचना, आणि ही आईबाबांनीही वाचायची आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्यात कधी कधी एक कडू विषारी द्रव्य वाढतं. काकडी देठाकडे कडू लागते ती त्यामुळेच. ऊन आणि पाण्याची ओढ असली की कडूपणा वाढू शकतो. काकडीचा कडू तुकडा आपण थुंकून टाकतो, तेवढ्यावर भागतं. पण कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत. 'आयसीएमआर' या वैद्यकीय संशोधन संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यातही कडू दुधीचा रस पिऊ नका असंच बजावलं आहे. शिजवून हा कडूपणा जात नाही. म्हणून घरच्या वेलावरचा दुधी किंवा दोडका चिरताना मोठ्या माणसानं लहानसा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला की थुंकायचा आणि सगळं फळ टाकून द्यायचं. इतके दिवस वाढवला म्हणून मन धजत नाही, पण टाकायचाच. कारल्याचा कडूपणा निराळा, त्याला हा नियम नाही. (हे वाचून कारलं टाळणाऱ्यांचा हिरमोड झाला असेल!)

किडींविषयी थोडंच सांगते. भेंडीच्या पानांखाली मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. नाहीच आटोक्यात आला तर मोठ्यांच्या मदतीनं पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा. बाजारातली विषारी औषधं मुलांच्या बागेत नकोतच. एक दिवसाआड तोडायची भाजी, आज फवारलं आणि उद्या खाल्लं असं व्हायला वेळ लागत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या तर मात्र तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि त्याला औषध नाही. असं झाड उपटून दूर टाका, म्हणजे बाकीची वाचतील. या रोगापुढे टिकून राहील असं भेंडीचं वाण परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८० च्या दशकात तयार केलं, त्याचं नाव 'परभणी क्रांती'. पुढच्या वेळी बी घ्याल तेव्हा दुकानात विचारून पाहा.

या सगळ्याची एक वही ठेवा. तारीख, काय तोडलं, नग किती, वजन किती, आणि कशात घातलं. घरात वजनकाटा नसेल तर हँगरला दोन सारख्या पिशव्या टांगून तराजू करा. वजनाला चहाची न फोडलेली पुडी घ्या, तिच्यावर ग्रॅम छापलेले असतात. शंभर नाही तर पन्नासची. महिनाअखेर बेरीज करा आणि त्या आठवड्याच्या बाजारभावानं किंमतही काढा. आकडा लहान येईल, आधीच सांगून ठेवते. आमच्या वर्गातला एक मुलगा हिशेब करून म्हणाला, "बाई, बियांच्या पाकिटाचेसुद्धा पैसे निघाले नाहीत." त्याचा हिशेब बरोबर होता. त्याला मी एवढंच विचारलं की त्या पाकिटातलं बी संपलं का? निम्मं शिल्लक होतं. मग त्यानं खोडून पुन्हा मांडलं.

आणि बियांवरून आठवलं. तोडणीचा इतका आग्रह धरला, पण एक भेंडी मात्र तोडायची नाही. मेअखेर सगळ्यांत निरोगी, सगळ्यांत जास्त भेंड्या दिलेलं झाड निवडा आणि त्यावरच्या एका चांगल्या शेंगेला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरात कुणी चुकून खुडणार नाही. त्या झाडावर नवी फुलं कमी होतील, ते आता आपल्याला माहीतच आहे. रस्सीखेचीत त्या एका झाडाला जिंकू द्यायचं. शेंग वाळून भुरी झाली, हलवल्यावर आत बी वाजू लागलं आणि कडा जराशा उकलल्या की ती काढा. पाकिटावर 'संकरित' किंवा 'हायब्रीड' लिहिलं असेल तर हे बी धरू नका, त्याची झाडं आईसारखी निघतील असा भरवसा नाही. सरळ वाणाचं, 'परभणी क्रांती'सारखं असेल तर खुशाल धरा. बी सावलीत आठवडाभर वाळवा, राख चोळून काचेच्या कोरड्या बाटलीत भरा आणि वर चिठ्ठी लावा. भाजीचं नाव, तारीख, आणि कोणत्या डब्यातलं झाड तेही. मृगाचा पाऊस होऊन माती ओली झाली की त्यातल्याच चार बिया रात्रभर भिजत घाला.